सतरा कोरे रकाने

आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो.
घड्याळात एक वाजतो
तेव्हा उजाडून तास झालेला असतो.
आणि वर्षाला महिने तेरा.
तेरावा, पागुमे, पाचच दिवसांचा,
कापड बेतल्यावर उरलेल्या चिंधीएवढा.
इतका वेळ जगात कुणाला मिळतो सांगा?
मला तरीही पुरला नाही.

काम म्हणाल तर काहीच नव्हतं.
ताना सरोवराच्या काठी पाण्यात रोवलेली पट्टी,
सेंटिमीटरच्या खुणांची, खाली शेवाळलेली.
रोज सकाळी एक वाजता जायचं,
पाणी कुठवर आहे ते बघायचं,
वहीत आकडा लिहून परत यायचं.
नव्वद दिवस. नव्वद आकडे.
डॉक्टर अँदुआलेम म्हणाले होते,
"वुबालेम, हे तर मेंढरं राखणारं पोरही करील."
म्हणूनच बहुधा जमलं नाही मला.
अवघड असतं तर भीतीनं तरी केलं असतं.

पहिला चुकलेला दिवस आठवतो.
फिकिर्तेनं कॉफी भाजायला घेतली होती,
वास वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत.
पहिल्या कपाला आमच्यात म्हणतात अबोल,
आणि तोंडं सुटतात ती नेमकी त्याच कपावर.
मग तोना. मग बरका.
बरकामध्ये आशीर्वाद असतो,
तो टाकून उठायचं नसतं.
उठले तेव्हा ऊन भिंत उतरून अंगणात आलं होतं.
"इशी, नेगे," म्हटलं. बरं, उद्या.
हे दोन शब्द आमच्या गावात उधार मिळतात,
दुकानदार वही दाखवत नाही,
म्हणून वाटतं, वहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कालची लाज वाटली,
म्हणून गेले नाही.
तिसऱ्या दिवशी दोन दिवसांची.
मग एक देखणं वेळापत्रक केलं, तीन रंगांच्या शाईत.
त्यातच दोन सकाळी गेल्या.
मग बूट धुतले. मग ते वाळेनात.

सतरा.

वही दाखवायची त्याच्या आदल्या रात्री
मी पेन्सिलीला टोक काढलं. खूप वेळ काढलं.
आधीचा आकडा एकशे बारा,
त्यानंतरचा एकशे चार.
कोरडे महिने, पाणी उतरणारच,
मग उतरवत नेलं.
एकशे बारा, एकशे अकरा, पुन्हा अकरा,
मध्ये एखादा अर्धा, खरं वाटावं म्हणून.
सतरा दिवस वीस मिनिटांत जगून झाले.
इतकी वक्तशीर मी कधीच नव्हते.

सकाळी पट्टीपाशी गाश जेंबेरे बसले होते,
पपायरसच्या लव्हाळ्याची होडी बांधत.
सहज विचारलं, मधल्या दिवसांत पाणी कसं होतं?
दात दोरीत, त्यांनी हात गुडघ्याशी नेला.
"एकदा पलीकडून वारा सुटला.
पाणी इथवर चढलं.
माझी एक मोळी घेऊन गेलं."
कोणत्या दिवशी?
त्यांनी दोरी सोडली, माझ्याकडे पाहिलं.
"ते तुला ठाऊक.
रोज येणारी तू."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता.
तेच लागलं.

लव्हाळ्याच्या ढिगावर बसून मी खोडरबर काढला.
आकडे जातात, कागदावर पेन्सिलीचा वळ राहतो.
उजेडात तिरकं धरलं तर
एकशे अकरा अजून वाचता येतो.
येऊ दे.
तो दिवस चढला आणि उतरला,
मी खोलीत बूट वाळवत होते,
आणि आता डोकं आपटलं तरी
तळं त्या सकाळी कुठे होतं ते सांगणार नाही.

सहा वाजता, भर दुपारी,
डॉक्टरांनी पानं उलटली.
कोऱ्या रकान्यांपाशी थांबले.
चष्मा पुसला.
"हे काय?"
"मी गेले नाही."
त्यांनी काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.
एवढंच म्हणाले, "एकोणतीस उरलेत."

आज त्यातला चौथा.
फिकिर्ते खिडकीतून हाक मारतेय, निखारे तयार आहेत.
आळस काही मेला नाही,
तो माझ्याच चपला घालून माझ्यामागे काठापर्यंत येतो.
एकशे दोन. वारा नाही.
पट्टीच्या टोकावर खंड्या,
उडायची घाई नाही त्याला.

फिकिर्ते, माझा अबोल तू पी.
मी तोनाला येते.